पोरगा खात्यात, पोरगी शाळेत : शिक्षण, स्त्री आणि रोजगाराचा हिशोब

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा शिक्षणावर एक तरी लेख असतोच. असलाच पाहिजे. पण शिकून झाल्यावर पुढं काय झालं? मुलाला कुठं नोकरी लागली, मुलगी कामाला गेली की घरी बसली, कोणाला कोणी चिकटवलं आणि कोणाला दारातूनच परत पाठवलं, हा हिशोब आपण फारसा मांडत नाही. परमपूज्य बाबासाहेब हे मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आकडे हाती घेतल्याशिवाय ते बोलत नसत. म्हणून यंदा आम्ही ठरवले की, शिक्षण, स्त्री-पुरुष भेद, लोकांच्या समजुती आणि रोजगार यांचा आपल्या मुंबईतला इतिहास तपासायचा. अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत या विषयावर बरेच संशोधन केले आहे. त्यातले आपल्या कामाचे काय, ते साध्या भाषेत वाचकांपुढे ठेवायचे.

गिरणीचे दार कोण उघडत असे?

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. त्यानंतर कोकणातून, घाटावरून माणसांची रीघ लागली ती शंभर वर्षं चालूच राहिली. गिरणीत नोकरीसाठी अर्ज करायची पद्धत नव्हती. माणूस भरायचा तो जॉबर, म्हणजे मुकादम. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीचा माणूस बघायचा. आज दारात उभा राहायचा, चार दिवस बदलीवर काम करायचा आणि नशीब असेल तर कायम व्हायचा. “हा आपला माणूस आहे” एवढ्या शब्दावर पोट चालायचं.

या पद्धतीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. अक्षरओळख नसलेल्या, शहरात कोणी नसलेल्या माणसाला या ओळखीनेच आधार दिला. आजारपणात त्याच्या जागेवर त्याचा भाऊ उभा राहिला, संपात गावकीच्या गाळ्यात त्याला जेवण मिळालं. पण ज्या ओळखीने एकाला दार उघडलं, त्याच ओळखीने दुसऱ्याला ते बंद केलं. याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे साचेखाते. विणकामाला पगार जास्त. पण धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकर हातात कसा घेणार? म्हणून आपल्या माणसांना साचेखात्यात घ्यायचं नाही, त्यांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात राबायचं, असा अलिखित कायदा होता. म्हणजे बघा, विटाळ ही देवळापुरती गोष्ट नव्हती. तो दर महिन्याच्या पगारातून कापून घेतला जात होता.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट हवी तर आधी साचेखात्याचं दार सर्वांना उघडा, असा त्यांचा आग्रह होता. कामगार म्हटला की त्याला जात नसते, असे ज्यांना वाटत होते त्यांना हा आरसा होता.

बायका कुठे गेल्या?

गिरणीच्या इतिहासात पुरुषांच्या कथा खूप आहेत. बायकांच्या कमी. खरे तर १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. रीळ आणि वाइंडिंगच्या खात्यांत बायकाच बायका असत आणि त्यांच्यावर नायकीण. पुढल्या पन्नास वर्षांत हे प्रमाण घसरत शंभरात चार-पाचावर आलं. का? बायकांना काम जमत नव्हतं म्हणून? मुळीच नाही. त्यांच्या हातची कामं यंत्रांनी घेतली. रात्रपाळीला बाईला बंदी होती, त्यामुळे पाळ्या वाढल्या तशी मालकाला ती अडचणीची वाटू लागली. बाळंतपणाचा खर्च नको म्हणून काही मालकांनी बाईच नको असं ठरवलं. आणि पुरुषाच्या पगारात घर चाललं पाहिजे, बाईचा पगार म्हणजे वरकड, असा समज मालकांत होता तसा कामगार पुढाऱ्यांतही होता. कामावरून कमी करायची पाळी आली की पहिला नंबर बाईचा. गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरी बसली असेही नाही. ती खानावळ चालवू लागली, भाजी विकू लागली, धुण्याभांड्याला गेली. फरक एवढाच की या कामाची नोंद कुठल्या रजिस्टरात झाली नाही.

मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला त्या काळात विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला.

जात, बाई आणि धंदा : बाबासाहेबांची मांडणी

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ९ मे १९१६ रोजी, म्हणजे वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईच्या आयुष्यावर पहारा ठेवावा लागतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांचा संबंध त्यांनी जातीशी जोडला. पुढे १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात त्यांनी दुसरी बाजू मांडली. जात माणसाला एका धंद्याला जखडून ठेवते, काळ बदलला तरी धंदा बदलू देत नाही, आणि म्हणून ती बेकारीचं एक कारण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हे दोन विचार एकत्र ठेवा. जात मुलाला धंद्याला बांधते आणि मुलीला घराला. मग काळ बदलला तर दोघांचं काय होईल? या प्रश्नाचं उत्तर दादरच्या शाळांच्या दाखल्यांत सापडतं.

दादरच्या शाळांचा अभ्यास

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातल्या शाळांमधून शिकलेल्या मराठी घरांतल्या मुलामुलींची माहिती गोळा केली. त्यांचा निबंध २००६ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात आला. प्रश्न साधा होता. पालक मुलाला मराठी माध्यमात घालतात की इंग्रजी, आणि का?

१९९१ नंतर देशाचं आर्थिक धोरण बदललं. कचेरीतल्या, बँकेतल्या, पुढे संगणकावरच्या नोकऱ्या वाढल्या आणि इंग्रजी येणाऱ्याचा पगार इतरांपेक्षा झपाट्याने पुढे गेला. मग सगळ्यांनीच इंग्रजीकडे धाव घ्यायला हवी होती. घेतलीही, पण सारखी नाही. त्या अभ्यासात ज्यांना खालच्या जाती म्हटलं आहे त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जास्त राहिले. वरच्या जातींच्या मुलांशी त्यांचं अंतर काही मिटेना. मुलींच्या बाबतीत मात्र उलट घडलं. त्याच घरांतल्या, त्याच आईबापांच्या मुली इंग्रजी माध्यमात भराभर जाऊ लागल्या आणि वरच्या जातींच्या मुलींशी असलेलं त्यांचं अंतर जवळपास मिटत आलं.

एका घरातल्या बहीण-भावात असा फरक का? कारण वर सांगितलेली ओळखीची साखळी. मुलासाठी बापाचा, काकाचा, गाववाल्याचा शब्द होता. गिरणी, गोदी, कारखाना, वर्कशॉप. तिथं इंग्रजीची गरज नव्हती. “दहावी झाला की चिकटवू कुठंतरी” हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? शिवाय ही साखळी एकमेकांच्या भरवशावर चालते. एकाने फळी सोडली तर बाकीच्यांची पत कमी होते, म्हणून कोणी बाहेर पडू नये असं सगळ्यांनाच वाटतं. मुलीसाठी अशी साखळीच नव्हती. तिला गिरणीत कोणी चिकटवणार नव्हतं. जिला जुन्या वाटेवर जागा नव्हती ती नव्या वाटेला लागली.

मराठी माध्यम वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आपल्या भाषेत शिकून मोठी झालेली माणसं आपल्यात कमी नाहीत. मुद्दा वेगळा आहे. जी ओळख काल आधार होती तीच आज मुलाच्या पायातली बेडी झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले किती तरी जण परत आत गेलेच नाहीत. साखळीचं दुसरं टोक ज्या भिंतीला होतं ती भिंतच पडली. पण मनातली साखळी तशीच राहिली. गिरणगावात रिकाम्या बसलेल्या तरुण पोरांची जी पिढी आपण पाहिली, तिला आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती पिढी आळशी नव्हती. ती ज्या दारापाशी उभी होती ते दार आतून बंद झालं होतं.

समजुतीचीही किंमत असते

समजूत ही मनातली गोष्ट, तिचा रोजगाराशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याला तीन-चार प्रयोगांतून उत्तर मिळतं.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जितकी सुटतील तितके पैसे. जात कोणी विचारली नाही तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं बरोबरीत होती. पण सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली की दलित मुलांची कामगिरी खाली आली. मुलं तीच, कोडी त्याच प्रकारची. “आपली जात कळली, आता आपल्याला न्याय मिळणार नाही” ही अपेक्षा हात थांबवते, असा निष्कर्ष त्यांनी २००६ साली मांडला. बुद्धी कमी नव्हती, भरवसा कमी होता.

आणि हा भरवसा उगाच कमी होतो का? नाही. आपल्याच महाराष्ट्रातले प्राध्यापक सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, आडनावं वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची सुमारे एक तृतीयांश. मुलाखत पुढची गोष्ट, पाकीट उघडल्यावरच निकाल लागला होता.

बाईच्या बाबतीत “लोक काय म्हणतील” ही सर्वांत मोठी भिंत. सौदी अरेबियाच्या रियाध शहरात संशोधकांनी विवाहित तरुणांना विचारलं की, बायकोने घराबाहेर काम करावं का? बहुतेकांनी एकट्यात ‘हो’ म्हटलं. पण शेजारच्यांना हे मान्य नसेल, असं त्यांना वाटत होतं. शेजारीही तेच समजत होते! शेजाऱ्यांचं खरं मत कळल्यावर कितीतरी जणांनी बायकोचं नाव नोकरीच्या नोंदणीत घातलं. हा निबंध २०२० चा. म्हणजे काही वेळा भिंत असते ती फक्त आपल्या कल्पनेत.

समजुती बदलता येतात का? येतात. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांपैकी निम्म्या शाळांत अडीच वर्षं मुलामुलींबरोबर समानतेवर वर्गात चर्चा घेतल्या गेल्या. मुलांची मतं बदलली, ती नंतरही टिकली, आणि मुलगे घरकामाला थोडा जास्त हात लावू लागले. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात जिथं आरक्षणामुळे दोन वेळा बाई सरपंच झाली, तिथं मुलामुलींच्या स्वप्नांतलं अंतर ३२ टक्क्यांनी कमी झालं. भाषणाने नव्हे, समोर खुर्चीवर बसलेली बाई पाहून. आणि रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीच्या आसपासच्या १६० गावांपैकी ८० गावांत तीन वर्षं मुलींसाठी कॉल सेंटरच्या नोकऱ्यांची माहिती पोचवली. तेवढ्यानं मुलींची लग्नं पुढे गेली, शाळा वाढली. नोकरी दिसली की आईबाप मुलीला शिकवतात.

आपल्या घरचे आकडे

आता आपल्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या ८४ लाखांवर होती आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक महाराष्ट्रात. बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के, देशाची ७२.९८. बौद्ध स्त्रियांची ७४.०४, देशातल्या स्त्रियांची ६४.६३. काम करणाऱ्यांचं प्रमाण बौद्धांत ४३.१५ टक्के, देशात ३९.७९. हे आकडे छाती भरून यावी असे आहेत.

पण आकडे वाचायची शिस्त पाळली पाहिजे. हे सगळं १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळेच झालं असं म्हणणं गोड वाटतं, तरी ते पुरतं सिद्ध होत नाही. आपल्यातली पुष्कळ माणसं आधीच पलटणीत, रेल्वेत, गिरणीत शहराला लागली होती. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राच्या सवलतींना १९९० उजाडलं. धम्म, शाळा, शहर, सवलत आणि चळवळ, हे सगळे धागे एकत्र विणलेले आहेत. एक धागा ओढून काढून “हाच तो” म्हणता येत नाही. एवढं मात्र खरं की, आपण हीन आहोत ही समजूत ज्या दिवशी टाकून दिली, त्या दिवसापासून वरच्या कोड्यांतल्या मुलांसारखा आपला थांबलेला हात पुन्हा चालू लागला.

आणि एक कडू गोष्ट. १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या यादीतली प्रादेशिक बंधनं हटली आणि कितीतरी लोकांना नव्याने सवलत मिळाली. त्याचा परिणाम गिलेम कसाँ या अर्थशास्त्रज्ञाने तपासला. मुलग्यांचं शिक्षण वाढलं, मुलींच्या पदरात तसा लाभ पडल्याचं दिसलं नाही. सरकारने दार उघडलं, पण उंबऱ्यावरून आत कोणाला पाठवायचं ते घरातच ठरलं.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते बायकांच्या कामाच्या इतिहासाबद्दल. घर गरीब असतं तेव्हा बाई राबते. नवऱ्याचा पगार वाढला की हलकं समजलं जाणारं काम सोडून ती घरी बसते, कारण कारखान्यात गेलेल्या बाईकडे लोक वाकड्या नजरेनं बघतात. पुढे ती शिकली आणि कचेरीतलं काम मिळालं की परत बाहेर पडते. आपण आज मधल्या पायरीवर अडकलो आहोत काय? सरकारी पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये शंभरात २३.३ होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाल्या. वाढ मोठी दिसते, पण त्यातली बरीचशी खेड्यात, स्वतःच्या शेतावरच्या किंवा घरच्या धंद्यातल्या कामाची आहे. शहरात २०२३-२४ मध्येही आकडा २८.० वरच होता. बी.ए., बी.कॉम. झालेली आपली लेक दुपारी घरी बसलेली असते, त्याचंच हे चित्र.

विहाराने काय करावे?

नुसता इतिहास सांगून थांबलो तर हा लेख अर्धा राहील. आमच्या मते तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, जॉबरची साखळी वाईट होती ती बंद होती म्हणून. विहारात उघडी साखळी का उभी करू नये? जो उपासक नोकरीला आहे त्याने आपल्या कचेरीतल्या जागांची माहिती फळ्यावर लावावी, मुलासाठी तशीच मुलीसाठी. दोन, विहारातल्या अभ्यासवर्गात “कोण काय म्हणेल” यावर मुलगे-मुली एकत्र बसवून बोलावं, आणि आईबापांनाही बसवावं. बहुतेकांना एकमेकांचं खरं मत ठाऊकच नसतं. तीन, समितीवर, माईकवर, हिशोबाच्या वहीवर बाई दिसली पाहिजे. बीरभूमच्या मुलींनी जे पाहून स्वप्नं बदलली ते आपल्या मुलींना इथंच दिसू दे. खीर करायला आणि फुलं वाहायला बायका आणि पदाधिकारी म्हणून पुरुष, हे चित्र असेल तर आपण कोणत्या तोंडाने समता सांगणार?

आणि मुलग्यांना विसरू नका. गेल्या चाळीस वर्षांत पोरगी वाट काढत पुढं गेली याचा आनंद आहेच. पण तिचा भाऊ जुन्या दारापाशी उभा असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला नवी वाट दाखवणं हेही धम्माचंच काम आहे. घरात दोन मुलं असतील तर पुढल्या वर्धापन दिनाला दोघांचाही हिशोब मांडता यावा.

जय भीम! नमो बुद्धाय!